डुकरिणीचं बाळंतपण

खुरांचे प्राणी पिल्लांसाठी घर करत नाहीत. गाय, शेळी फार तर आडोसा बघून वितात. वासरू असो की करडू, तासाभरात लटपटत उभं राहतं आणि आईच्या कासेला लागतं. डुक्कर त्याला अपवाद. रानडुकरीण विण्याच्या आदल्या दिवशी कळप सोडून आडबाजूला जाते, नाकाने माती उकरून खळगा करते, त्यात गवत-पाला अंथरते, वर काटक्या रचते आणि आत शिरून विते. १९७०-८०च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे अॅलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या अभ्यासकांनी पाळीव डुकरं झाडाझुडपांच्या एका मोठ्या आवारात मोकळी सोडून पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या सिमेंटवर वाढलेल्या त्या डुकरिणी विण्याची वेळ येताच कळपापासून दूर गेल्या आणि थेट रानातल्यासारखी घरटी करू लागल्या. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

या खटाटोपाचं कारण पिल्लाच्या अंगात आहे. माणसाचं बाळ काय, कोकरू काय, जन्मताना ते एक प्रकारची तपकिरी चरबी घेऊन येतं. ती जाळून थरथर न कापताही शरीर ऊब तयार करतं. डुकराच्या पिल्लाकडे ही चरबी नाही. एकूण चरबीच शरीराच्या एक-दोन टक्के, केस विरळ, अंग ओलं आणि वजन किलो-सव्वा किलो. आईच्या पोटातल्या ३९ अंशांच्या उबेतून ते बाहेर पडतं आणि ३४ अंशांच्या खालची हवा लागली की गारठायला लागतं. गारठलेलं पिल्लू नीट चोखत नाही, म्हणून अशक्त होतं. अशक्त झालं की उबेसाठी आईच्या पोटाला बिलगून पडतं, आणि आई कूस बदलताना वेळेवर बाजूला सरकत नाही. पिल्लू चिरडून मेलं असं आपण म्हणतो, पण मूळ बहुतेकदा काही तास आधीच्या गारठ्यात असतं. पहिल्या तीन दिवसांत जाणाऱ्या बऱ्याचशा पिल्लांची हीच कथा. गाभण डुकरिणीची म्हणून जी काही तयारी करायची, ती एका अर्थी त्या न बांधलेल्या घरट्याची भरपाई असते. हे ध्यानात ठेवलं की कुठल्या कामाला किती महत्त्व द्यायचं ते आपोआप कळतं.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात परसात दोन-चार डुकरं पाळणारी घरं अजून आहेत. गोव्याची स्वतःची काळी, चिवट देशी जात आहे. काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावाने तिची ‘आगोंदा गोवन’ अशी राष्ट्रीय नोंदही झाली आहे. ही डुकरीण हलकी, पिल्लं मोजकी. जुन्या रीतीत ती कुठेतरी झावळ्यांच्या ढिगाआड जाऊन वियायची आणि चार दिवसांनी पिल्लांची रांग घेऊन परतायची. धन्याला बाळंतपण कळायचंही नाही. आता बहुतेकांकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या रक्ताची संकरित डुकरीण असते. ती दीड-दोनशे किलोची, एका वेतात दहा-बारा पिल्लं देणारी आणि पक्क्या वाड्यात राहणारी. पिल्लं जास्त आणि आई जड, हे समीकरण आपणच निवडलं आहे. त्यामुळे ‘पूर्वी कोण कुठे बघत होतं?’ हा सवाल इथे गैरलागू ठरतो.

पहिली तयारी वहीत करायची. डुकरीण लागवडीपासून, म्हणजे नर दाखवल्यापासून, ११४ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशेब पाठ ठेवायला सोपा. दोन-तीन दिवस मागेपुढे होतात. १ जूनला लागवड झाली असेल तर २३ सप्टेंबरच्या आसपास वीण. नाताळाच्या बाजारासाठी सात-आठ आठवड्यांची पिल्लं हवी असतील तर ती नोव्हेंबरच्या आरंभी जन्मायला हवीत, म्हणजे लागवड जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. जानेवारीत लागवड केली की वीण भर मे महिन्यात येते. ते टाळलेलं बरं, कारण डुकराला घाम जवळजवळ येतच नाही आणि कोकणातल्या मे महिन्यात जड पोटाची डुकरीण धापा टाकूनच अर्धी होते. दोन डुकरिणी असतील तर दोघींची लागवड एकाच आठवड्यात करावी. एकीला सड कमी पडले किंवा दूध आलं नाही तर पिल्लं पहिल्या एक-दोन दिवसांत दुसरीकडे लावता येतात.

वीण दोन आठवड्यांवर आली की जंताचं औषध द्यायचं. खरूज आणि उवांचा बंदोबस्तही तेव्हाच करायचा, कारण आईच्या अंगावरची खरूज पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लागते. औषध कोणतं, मात्रा किती, कुठली लस गाभणपणात चालते आणि कुठली नाही, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवायचं. शेजाऱ्याच्या कपाटातली अर्धी बाटली आणून टोचू नये.

आणखी एक सांगायलाच हवं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे भारतात शिरला. त्यावर उपचार नाही आणि आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही. डुकराच्या कच्च्या किंवा नुसत्या खारवलेल्या-धुरावलेल्या मांसात तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून हॉटेलातलं उष्टं-खरकटं द्यायचंच असेल तर ते तासभर ढवळत उकळूनच द्यावं, आणि घरच्या चोरिसाचा उरलेला तुकडा डुकराच्या टोपलीत कधीही टाकू नये. पिल्लांची बोली करायला येणाऱ्या व्यापाऱ्याला वाड्यात घेऊ नये. सकाळपासून चार वाडे फिरून आलेल्या चपला तो घालून येतो. भाव कुंपणाबाहेरूनही ठरतो.

आता वाड्याकडे वळू. सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथे खर्च करावा. विण्याची खोली साधारण ८ फूट बाय १० फूट पुरते. आधीचं सगळं अंथरूण काढून, घासून धुऊन, चुना मारून ती चार-पाच दिवस कोरडी पडू द्यावी. धुतलेली पण ओली खोली ही न धुतलेल्या खोलीपेक्षा फार बरी नसते. कोबा गुळगुळीत असेल तर त्यावर खरबरीत रेघा मारून घ्याव्यात; पाय घसरला की डुकरीण धप्पकन बसते आणि खाली कोण आहे ते पाहत नाही. जांभ्या चिऱ्याची उघडी भिंत असेल तर खालचे दोन-तीन फूट गिलावा करून घ्यावा, चिऱ्याच्या भोकांतली घाण निघता निघत नाही.

भिंतीलगत कठडा हवाच. दोन इंची लोखंडी पाइप जमिनीपासून ८ ते १० इंच उंचीवर आणि भिंतीपासून तितकाच दूर, तिन्ही बाजूंनी पक्का बसवायचा. डुकरीण मधोमध क्वचितच बसते. ती भिंतीला अंग टेकते आणि घसरत खाली येते. पिल्लू भिंत आणि आई यांच्या मध्ये असेल तर त्याला निसटायला वाट उरत नाही. कठड्याखालची ती वीतभर जागा म्हणजे पिल्लांची पळवाट. हलक्या देशी डुकरिणीला जाडजूड बांबूही चालतो, पण दोनशे किलोच्या धक्क्यापुढे बांबू टिकत नाही, आणि मोडलेला बांबू सुरीसारखा लागतो.

एका कोपऱ्यात पिल्लांची वेगळी जागा करायची. २ फूट बाय ४ फूट पुरे. पुढे आडवी फळी लावायची, खालून पिल्लू जाईल आणि आईचं फक्त नाक शिरेल एवढी फट ठेवायची. आत दिवा. इथे तयारीतला खरा पेच येतो. पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस ३२ ते ३५ अंश हवेत आणि आईला १८ ते २२ मध्ये बरं वाटतं. सगळी खोली तापवली तर आई धापा टाकते, खात नाही आणि दूध आटतं. गार ठेवली तर पिल्लं आकसतात. उत्तर एकच: एका खोलीत दोन हवामानं. तांबडा उबेचा दिवा, तो नसेल तर जुना शंभर वॉटचा बल्ब पत्र्याच्या छत्रीखाली, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर साखळीने टांगायचा. सुतळीने नाही, खाली पेंढा असतो आणि सुतळी जळते किंवा उंदीर कुरतडतो. वायर आईच्या तोंडाला लागता कामा नये. ऊब बरोबर आहे की नाही ते पिल्लंच सांगतात. एकावर एक ढीग करून पडली तर थंडी, दिव्यापासून लांब कडेला पांगली तर उकाडा, आणि कुशीवर पाय ताणून एकमेकांना नुसती टेकून झोपली की ठीक. पावसाळ्यात कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची सोय आधीच करून ठेवावी. आईच्या बाजूला उलट उपाय: छपरावर झावळ्या, दुपारी ओलं गोणपाट, मानेवर थेंब थेंब पाणी. पिल्लांची जागा मात्र कोरडी राहिली पाहिजे.

मोठ्या कारखानी फार्मांत डुकरिणीला जेमतेम उभं राहता-बसता येईल अशा लोखंडी पिंजऱ्यात विऊ घालतात. त्याने चिरडून मरणारी पिल्लं कमी होतात हे खरं आहे. पण स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंडसारख्या देशांनी तो पिंजरा कायद्याने हटवला आणि तिथेही डुकरं पाळली जातात. परसातल्या दोन डुकरिणींसाठी पिंजऱ्याचा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कठडा, उबेचा कोपरा आणि भरपूर पेंढा एवढ्यात काम भागतं. पिंजऱ्यात डुकरिणीला घरटं करता येत नाही आणि ती त्याने अस्वस्थ होते, हेही त्या देशांच्या निर्णयामागचं एक कारण होतं.

वीण आठवड्यावर आली की डुकरिणीला कोमट साबणपाण्याने धुवून, विशेषतः कास, सड आणि मागचा भाग स्वच्छ करून, या खोलीत आणायचं. ऐनवेळी आणू नये. नवी जागा अंगवळणी पडायला तिला चार-पाच दिवस लागतात. डुकराला घाणीची आवड, हा लोकांचा गैरसमज इथे चटकन दूर होतो. जागा पुरेशी असली की ती एक कोपरा शेणमुतासाठी ठरवते आणि झोपायची जागा कोरडी ठेवते. तिने निवडलेल्या कोपऱ्याकडे पाण्याचा निचरा असला की आपलं काम निम्मं होतं.

खाण्यात सांभाळायचा मुख्य मुद्दा म्हणजे बद्धकोष्ठ. शेवटच्या दिवसांत डुकरीण हालचाल कमी करते, पोट गच्च होतं, कळा लांबतात आणि पुढे कास सुजून ताप येण्याचा धोका वाढतो. म्हणून शेवटचे तीन-चार दिवस खुराक थोडा कमी करून त्यात गव्हाचा कोंडा मिसळावा, हिरवा पाला द्यावा. लेंडी कडक आणि सुटी पडू लागली तर कोंडा वाढवायचा. पाण्याला मात्र हात आखडता घेऊ नये. दूध पाजणारी डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर पाणी सहज पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि कोमट झालेल्या टाकीतल्या पाण्याला नाक लावून परतते. वीण झाल्यावर पहिल्या दिवशी हलकं खाणं, मग आठवडाभरात हळूहळू वाढवत पोटभर. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक पिल्लामागे पाव किलो खुराक जास्त, असा ढोबळ हिशेब.

वेळ जवळ आल्याची चिन्हं क्रमाने दिसतात. निरण सुजून लाल होते. कास भरते, सड ताठ होतात. सड हलकेच दाबल्यावर आधी पाण्यासारखा थेंब येतो. त्याची जागा पांढऱ्या धारेने घेतली की बहुधा बारा तासांच्या आत वीण होते. याच सुमाराला ती घरटं करू लागते. पेंढ्याचा तोबरा तोंडात धरून ती खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, टाकते, पुढच्या पायाने मागे ओढते, नाकाने कडा वर लोटते, त्यात बसते, काहीतरी न पटल्यासारखी उठते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पेंढा दिला नाही तर हेच सगळं ती उघड्या कोब्यावर करते, नाक सोलून निघेपर्यंत. म्हणून पेंढा द्यावाच, पण वीत-दीड वीत लांबीचा कापून. लांब पेंढ्यात पिल्लांचे पाय अडकतात. पावसाळ्यात बुरशी धरलेला, काळे ठिपके पडलेला पेंढा नको, तो फेकून द्यावा. गंमत म्हणजे कळा सुरू होण्याच्या थोडं आधी ही धांदल एकदम थांबते आणि ती कुशीवर शांत पडते. तिला चैन पडेना तोवर आपल्याला जेवून यायला वेळ असतो. ती गप्प झाली की उठायचं नाही.

त्याआधी एका टोपलीत सामान तयार ठेवावं: सुती जुनी फडकी, टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा, स्वच्छ कात्री, साबण, हातमोजे, टॉर्च, आणि पशुवैद्यकाचा नंबर मोबाइलमध्ये तसाच भिंतीवरही. विणी बऱ्याचदा रात्रीच्या होतात. आत एकच माणूस असावा आणि तो रोज खायला घालणारा असावा. कुत्रा बांधून ठेवावा, गर्दी परतवावी. घाबरलेल्या डुकरिणीच्या कळा थांबतात.

पहिल्या पिल्लाआधी थोडं लालसर पाणी येतं, त्यात कधी हिरवट-काळ्या बारीक गोळ्या दिसतात. ती पिल्लाची पहिली विष्ठा. मग पिल्लं साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने येतात आणि दोन ते पाच तासांत वीण आटपते. गाय-म्हशींच्या विणी पाहिलेल्या माणसाला इथे एक धक्का बसतो: बरीच पिल्लं मागच्या पायांनी येतात. गाईत हे संकट, डुकरात नेहमीचं. तेव्हा ओढाताण करू नये. काळजी कधी करायची? ती जोर काढते आहे आणि अर्धा-पाऊण तास पिल्लू येत नाही, किंवा त्या हिरवट गोळ्या दिसल्या आणि पुढे काहीच नाही, तेव्हा. आधी तिला उठवून कूस बदलायला लावावी. पुष्कळदा एवढ्याने वाट मोकळी होते. नाही झाली तर पशुवैद्यक. ‘कळांचं इंजेक्शन’ म्हणून ऑक्सिटोसिन टोचण्याची सवय गावोगाव आहे आणि ती घातक आहे. वाटेत पिल्लू आडवं अडकलेलं असताना गर्भाशयाला जबरदस्तीने आवळायला लावलं तर ते फाटू शकतं. आत काय अडलंय हे हाताने पाहिल्याशिवाय ती सुई लावायची नाही, आणि ते पाहणं शिकलेल्या माणसाचं काम आहे.

पिल्लू बाहेर आलं की नाका-तोंडावरचा पातळ पडदा काढून ते कोरड्या फडक्याने खसखसून पुसायचं. अर्धी ऊब तिथेच वाचते. श्वास घेत नसेल तर डोकं खाली धरून छाती चोळायची. नाळ बोटभर ठेवून बांधायची, कापायची, टोक आयोडीनमध्ये बुडवायचं. आणि लगेच सडाला लावायचं, सगळी वीण उरकायची वाट पाहायची नाही. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाकडे जातच नाहीत. जी काही शिदोरी मिळायची ती चिकातून, आणि ती रक्तात शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त, दिवसाभरानंतर जवळजवळ संपलेली. एका पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवसात किमान २०० ग्रॅम चीक जायला हवा. पिल्लं सडांपेक्षा जास्त असतील तर आधी प्यालेली धट्टीकट्टी पिल्लं तासभर दिव्याखालच्या टोपलीत ठेवून लहानग्यांना मोकळी कास द्यावी. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो आणि मग तोच कायम राहतो. पुढच्या सडांना सहसा दूध जास्त, तेव्हा तिकडे किरकोळ पिल्लं लावून बघायला हरकत नाही, मात्र सड ठरण्याआधी.

पहिलारू डुकरीण कधी कधी बावरून पिल्लांवर धावते, चावतेही. तिला मारून उपयोग नाही. पिल्लं टोपलीत काढून दिव्याखाली ठेवावीत, वीण पुरी झाल्यावर ती शांत पडली की हळूच सडांना लावावीत. बहुतेकींचं डोकं तेवढ्यावर ताळ्यावर येतं.

वार शेवटच्या पिल्लानंतर चार तासांत पडायला हवी. ती उचलून खोल पुरावी. आईचा ताप पहिले तीन दिवस रोज पाहावा. वीण झाल्यावर ३९.५ अंशांपर्यंत चढलेला चालतो. ४० ओलांडला, कास कडक आणि गरम लागली, किंवा ती पोटाखाली सड दाबून पालथी पडून राहिली आणि पिल्लं ओरडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध उतरतं आहे का हे ओळखायला कान पुरतो. ती सावकाश घुटूर घुटूर करत असते, पिल्लं कासेला ढुशा देत असतात, मग एकाएकी तिचा आवाज भराभर होतो आणि त्यापाठोपाठ पिल्लं ढुशा थांबवून कान मागे टाकून एकदम स्तब्ध चोखू लागतात. दूध उतरतं ते तेवढेच पंधरा-वीस सेकंद. पाऊण-एक तासाने पुन्हा. ही स्तब्धता आलीच नाही आणि पिल्लं नुसतीच सड बदलत भांडत राहिली, तर दूध नाही असं समजावं.

पिल्लांना जन्मतः सुळ्यासारखे आठ अणकुचीदार दात असतात. ते सरसकट कापायची पद्धत आहे. पिल्लं सडांपुरती असतील आणि कुणाच्या गालावर किंवा आईच्या सडावर ओरखडे नसतील तर ते कापण्याचं कारण मला दिसत नाही. लोहाचं मात्र टाळू नये. पिल्लाला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम एक. रानातलं पिल्लू माती उकरून गरज भागवतं. कोब्यावरचं पिल्लू दहा-पंधरा दिवसांत पांढरंफटक पडतं, धापा टाकतं. कोकणातली माती लाल ती लोहामुळेच, म्हणून मूठभर माती टाकली की झालं असं काही जण समजतात. पण त्या मातीतलं लोह गंजाच्या जातीचं, पोटात फारसं विरघळत नाही. डुकरं न फिरलेल्या जागेची स्वच्छ माती खेळायला जरूर द्यावी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शनही द्यावं. ते मानेत द्यायचं, मांडीत नाही. मांडीत दिलं तर नस दुखावून पिल्लू लंगडतं आणि तिथलं मांस डागाळतं.